काय काय खोललं होतं?

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात आमच्या सांगलीत दारोदार दुचाक्यांची जी साफसफाई चालते, तिला नुसते गाडी धुणे म्हणणे अपुरे पडेल. खंडेनवमीला पाने-पक्कड पूजेत मांडायचे असतात, दुसऱ्या दिवशी गाडीला झेंडूची माळ घालायची असते, आणि माळ घालायची तर गाडी आतूनबाहेरून स्वच्छ हवी, अशा हिशेबाने कोणी एअर फिल्टर काढतो, कोणी प्लग बदलतो, तर एखादा धीर करून थेट पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरलाच हात घालतो. सगळे भाग पुन्हा जागच्या जागी बसतात, टाकीवरून कोरडे फडके फिरते, आणि मग किक मारली जाते. गाडी चालू होत नाही. सकाळी पहिल्या किकेत चालू झालेली, कसलीही तक्रार नसलेली गाडी संध्याकाळी ढिम्म उभी राहते, आणि तिच्यासमोर तिचा मालक घामाघूम होऊन.

या बिघाडाची जात वेगळी आहे. रस्त्यात अचानक बंद पडलेल्या गाडीचे कारण कुठेही असू शकते. वर्षानुवर्षांची झीज, विरलेली वायर, पंपावरून आलेला कचरा, काहीही. घरी सर्व्हिसिंग केल्यावर चालू न होणाऱ्या गाडीचे तसे नसते. ती काल चालू होती, आज नाही, आणि या दोहोंच्या मध्ये जे काही बदलले ते एका माणसाच्या दोन हातांनी बदलले. म्हणजे शोधायची जागा फारच थोडी उरली. असे असूनही माणूस नेमका त्या जागेकडे पाठ करून दूरदूर शोधत जातो, हे मी इतक्यांदा पाहिले आहे की मला आता त्या बिघाडापेक्षा या पाठ फिरवण्याचेच कुतूहल अधिक वाटते.

आमच्या भागातला जुना मिस्त्री अशी गाडी ढकलत आणलेली पाहिली की पान्याला हात लावत नाही. तो आधी विचारतो, "काय काय खोललं होतं?" समोरचा माणूस या प्रश्नाला सहसा सरळ उत्तर देत नाही. तो सांगतो, की कॉइल गेली असावी, सीडीआय उडाला असावा, बॅटरीही जुनी आहे. मिस्त्री ऐकून घेतो आणि तोच प्रश्न पुन्हा विचारतो. त्याच्या या चिकाटीत निदानाची निम्मी विद्या आहे. सीडीआय हा ठिणगी वेळेवर पाडणारा, डबीएवढा बंदिस्त भाग. त्याला कोणी हात लावला नव्हता, आणि ज्याला हात लागला नाही तो भाग फडके फिरवण्याच्या त्याच दुपारी आपसूक मरण्याचा योग फार दुर्मीळ. पण मालकाच्या मनात उलटा हिशेब चाललेला असतो. जे मी स्वतः बसवले ते मी पाहिले आहे, म्हणून ते बरोबर आहे. जे मी पाहिले नाही तेच संशयास्पद. आपले हात आपल्याच कामाची साक्ष देतात आणि आपण ती उलटतपासणीशिवाय मान्य करतो. २०२०च्या टाळेबंदीत गॅरेजे बंद असल्याने अनेकांनी प्रथमच पाना हातात घेतला. त्या हौशीतून पुढे काही जण खरोखर तयार झाले, पण नंतरही मिस्त्रीकडे येणाऱ्या अशा ढकलगाड्या कमी झालेल्या मला दिसल्या नाहीत. व्हिडिओ पाहून खोलायचे कसे ते शिकता येते. आपण काय बसवले हे पुन्हा अविश्वासाने तपासण्याची सवय मात्र त्यातून लागत नाही.

आमच्या गल्लीतल्या एका शिक्षकांची गोष्ट यासाठी सांगण्यासारखी आहे. त्यांच्याकडे कार्बोरेटरची जुनी स्प्लेंडर आहे. १९९४ साली बाजारात आलेली ही ९७.२ सीसीची गाडी महाराष्ट्राच्या गावागावांत इतकी मुरली आहे, की तिचे सुटे भाग किराणा दुकानाशेजारीही मिळावेत आणि तिच्याविषयी सल्ला देणारा प्रत्येक पारावर भेटावा. सरांनी सुट्टीच्या दिवशी प्लग नवा घातला, फिल्टर साफ केला, कार्बोरेटर उतरवून जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे बारीक भोकांचे पितळी तुकडे, फुंकून घेतले आणि सगळे नीट बसवले. चोक ओढून किक मारली की गाडी एकदा खोकल्यासारखी करे आणि विझे. सरांनी नव्या प्लगवर संशय घेऊन आणखी एक प्लग आणला. मग शेजाऱ्याच्या सांगण्यावरून कॉइल बदलण्याचा विचार सुरू झाला. मी नुसता पाहत होतो आणि शेवटी मिस्त्रीला बोलवा एवढेच सुचवले.

मिस्त्रीने पहिल्यांदा प्लग काढला आणि त्याचे टोक बोटाने चाचपले. प्लग कोरडा होता. या एका स्पर्शात प्रश्नाचे दोन तुकडे होतात. चोक ओढून भरपूर किका मारल्यावर प्लग पेट्रोलने ओला निघाला, तर पेट्रोल सिलेंडरपर्यंत पोचते आहे आणि दोष बहुधा ठिणगीच्या बाजूला आहे. किंवा पेट्रोल गरजेपेक्षा जास्त झाले आहे आणि आमच्याकडे म्हणतात तसा प्लग शॉर्ट झाला आहे. तसे असेल तर चोक बंद करून, अॅक्सिलरेटर पूर्ण पिळून धरून किका मारायच्या, म्हणजे जादा पेट्रोल हवेबरोबर निघून जाते. प्लग कोरडा असेल, तर ठिणगीच्या मागे लागण्यात अर्थ नाही; आधी पेट्रोल कुठे अडले ते पाहायचे. हे इतके सोपे आहे, तरी प्लग बदलणाऱ्यांपैकी फार थोडे जण काढलेल्या प्लगकडे पाहतात. तो काढून ते खिशात टाकतात आणि नव्या प्लगचे खोके फोडतात.

मिस्त्रीने तरीही ठिणगी पाहून घेतली. प्लग कॅपमध्ये बसवून त्याचा धातूचा भाग हेडच्या रंग नसलेल्या जागी टेकवला, रबरी मुठीच्या पक्कडीने धरला आणि सरांना किक मारायला सांगितले. निळसर, टणटणीत ठिणगी पडली. येथे रंग असलेली जागा ही भलतीच फसवी असते. रंगावर प्लग टेकवला तर अर्थिंग मिळत नाही, ठिणगी दिसत नाही आणि चांगली कॉइल बदलली जाते. शिवाय प्लग काढलेल्या भोकापासून दूर धरावा लागतो, कारण तेथून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. उघड्यावर दिसलेली ठिणगी ही पक्की हमी नव्हे, हेही खरे, कारण सिलेंडरमधल्या दाबलेल्या मिश्रणात ठिणगी पडायला अधिक दाबाची वीज लागते. पण पिवळट, बारीक, कधी पडते कधी नाही अशी ठिणगी दिसली तर तो पुरेसा पुरावा असतो. आणि अनेक जुन्या शंभर सीसी गाड्यांत ठिणगीची वीज मॅग्नेटोकडून थेट येते, त्यामुळे बॅटरी पार उतरलेली असली तरी त्या किकेवर चालू होतात. बॅटरीला दोष देऊन गाडी कोपऱ्यात उभी करण्यापूर्वी आपली गाडी कोणत्या जातीची आहे हे माहीत असलेले बरे.

नंतर त्याने कार्बोरेटरच्या तळाचा ड्रेन स्क्रू थोडा सैल केला. पेट्रोल धारेने आले आणि येतच राहिले. म्हणजे टाकीखालचा पेट्रोलचा कॉक उघडा आहे, नळी चेपलेली नाही, कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोलची पातळी राखणारा फ्लोट अडकलेला नाही. हा कॉक अनेकांना चकवतो: कार्बोरेटर काढताना तो बंद करावाच लागतो आणि बसवल्यावर उघडायचा राहतो, वाटीत उरलेल्या पेट्रोलवर गाडी कधी कधी अर्धा मिनिट चालतेही आणि मग बंद पडते, त्यामुळे मालकाला वाटते की कॉक तर चालू असणारच. येथे तो प्रश्न नव्हता. मग मिस्त्रीने प्लगच्या भोकावर अंगठा दाबून किक मारायला लावली आणि अंगठा भक्कन उडाला. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, आहे, ठिणगी आहे, वाटीत पेट्रोल आहे. इंजिनाला लागते ते सगळे जागेवर आहे आणि तरी प्लग कोरडा. सर म्हणाले, "मग जेटमध्येच कचरा असणार." मिस्त्री म्हणाला, "जेट तुम्ही साफ केलाय ना सर? मग आधी बसवलंय कसं ते बघू."

त्याने फिल्टरकडची रबरी नळी काढली, कार्बोरेटरच्या मागच्या तोंडावर तळहात ठेवला, अॅक्सिलरेटर पिळून धरला आणि किक मारायला सांगितले. इंजिन हवा ओढते तेव्हा तळहात त्या तोंडाला चिकटल्यासारखा ओढला गेला पाहिजे. येथे तो जेमतेम ओढला जात होता. "हवा घेतेय," एवढेच तो बोलला. इंजिन हवा ओढत होते, पण ती कार्बोरेटरमधून नव्हे. मधे कुठेतरी फट होती आणि तिकडून सोपी हवा मिळत असल्याने कार्बोरेटरमधल्या पेट्रोलला वर खेचण्याइतकी ओढच तयार होत नव्हती. चोक ओढल्यावर येणारा तो एक खोकला याच कारणाने येत होता.

कार्बोरेटर मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या नळीला, दोन नटांनी आवळलेला असतो आणि त्या जोडावर एका गोल खाचेत रबराची ओ-रिंग बसते. उतरवताना ती खाचेतून निसटून एका कडेला सरकली होती आणि सरांनी ती तशीच चिमटीत पकडून नट आवळले होते. टॉर्च धरून वाकून पाहिले तेव्हा जोडाची चपटी कड, फ्लँज, एका बाजूने नखाच्या जाडीएवढी उचललेली स्पष्ट दिसली. नट आवळायला दोन्ही बाजूंनी सारखे घट्ट लागले होते, त्यामुळे हाताला कसलीच शंका आली नव्हती. काढल्यावर ओ-रिंग एका ठिकाणी चपटी होऊन चिरली होती. नवी ओ-रिंग अगदी किरकोळ किमतीत आली; खाचेत जराशी ग्रीस लावून ती चिकटवली, म्हणजे बसवताना निसटत नाही, नट आळीपाळीने थोडे थोडे आवळले आणि गाडी चालू झाली. सरांनी आणलेला दुसरा प्लग अजून त्यांच्या टूलकिटमध्ये असेल.

कार्बोरेटरच्या बाबतीत चुका होतात त्या बहुधा अशाच, बसवण्यातल्या. साफ करण्यातली एक मात्र फार नुकसान करते: कमी वेगाला पेट्रोल देणाऱ्या स्लो जेटचे भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असते आणि ते मोकळे करण्यासाठी लोक सुई किंवा वायरचा तुकडा घालतात. पितळ मऊ असल्यामुळे भोक रुंदावते आणि मग त्या जेटचे माप राहतच नाही. त्यात पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर सोडून फुंकणे, आणि प्रकाशाकडे धरून भोक गोल दिसते का ते पाहणे, यापलीकडे जाऊ नये. अॅक्सिलरेटरच्या केबलला लागलेली गोल स्लाइड बसवताना तिची खाच आणि आतली खुंटी जुळली पाहिजे. जुळली नाही तर स्लाइड तळापर्यंत बसत नाही आणि झाकण जोर लावून आवळले जाते. जोर लावावा लागतो आहे हाच तिथे इशारा असतो. मोटारसायकलीच्या बाबतीत हे मी बहुतेक नियमासारखे मानतो, कारखान्यात एका माणसाच्या मनगटाने सहज बसलेला भाग घरी दोघांना मिळून बसवावा लागत असेल, तर तो उलटा तरी आहे किंवा चुकीच्या जागी तरी.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट बसवणे, हा प्रकार मात्र मी नवशिक्याला घरी करायला सांगणार नाही, पण लोक करतात. फ्लायव्हीलवरची टी-खूण खिडकीतल्या खुणेशी जुळवून फट बसवायची असते, इतके सगळ्यांना ठाऊक असते. मात्र फोर-स्ट्रोक इंजिनाचे एक चक्र क्रँकच्या दोन फेऱ्यांत पुरे होते, त्यामुळे ती टी-खूण एका चक्रात दोनदा समोर येते आणि त्यातली एकच कामाची असते. दुसऱ्या वेळी दोन्ही व्हॉल्व्ह थोडे थोडे उघडे असतात. तिथे गेज घालून फट ठेवली की प्रत्यक्षात ती भलतीच मोठी होते, व्हॉल्व्ह पुरेसे उघडत नाहीत आणि चालू झालीच तर हेडमधून खडखडाट ऐकू येतो. आवाज नको म्हणून कोणी फटच ठेवली नाही, तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, कॉम्प्रेशन निसटते आणि किक पायाखाली हलकी, पोकळ लागते. योग्य टी-खुणेवर व्हॉल्व्ह दाबणारे दोन्ही रॉकर हाताने हलवले असता किंचित खेळ जाणवतो. तो जाणवत नसेल तर क्रँक आणखी एक फेरी फिरवावी. टॅपेटनंतर चालू न होणारी गाडी किक मारतानाच पायाला सांगत असते, म्हणून अशा वेळी सेल्फचे बटण दाबत बसण्यापेक्षा किकेचा अंदाज घेतलेला चांगला.

धुण्यापायी होणाऱ्या बिघाडांची तऱ्हा याहून साधी आहे, आणि म्हणूनच ते सापडायला वेळ लागतो. पाणी शिरू नये म्हणून सायलेन्सरच्या तोंडात बोळा कोंबतात किंवा प्लॅस्टिकची पिशवी रबराने बांधतात, आणि तो बोळा आतच राहतो. कार्बोरेटर उतरवल्यावर मॅनिफोल्डमध्ये काही पडू नये म्हणून घातलेले फडके कार्बोरेटर बसवल्यावरही आत असलेले मी पाहिले आहे. हँडल पुसताना इंजिन बंद करणारा लाल किल स्विच सरकतो. तो आपण एरवी कधी वापरत नाही, त्यामुळे तो सरकू शकतो हे ध्यानातच येत नाही. प्लगच्या कॅपमध्ये पाणी साचते. कागदी एअर फिल्टर धुऊन ओलाच बसवला जातो; तो धुवायचा नसतोच, हवेच्या झोताने झटकायचा किंवा बदलायचा असतो, आणि धुवायचा तो फोमचा. फोमलाही तेल लावून पिळायचे विसरले तर ते नुसते चिकट बूच होऊन बसते.

पेट्रोलच्या टाकीचे झाकण पाणी गळू देत असेल तर आता आणखी एक गोष्ट होते, जी पूर्वी एवढी होत नसे. आपल्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे जे लक्ष्य आधी २०३०साठी होते ते २०२५ मध्येच गाठले गेले, आणि त्या इथेनॉलचा मोठा वाटा उसापासून येतो, म्हणजे आमच्या जिल्ह्यातल्या कारखान्यांचाही त्यात हातभार आहे. इथेनॉलला पाण्याची ओढ असते. पेट्रोलमध्ये थोडा ओलावा असेल तर तो त्यात विरघळून जातो, पण पाणी मर्यादेबाहेर गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि जड असल्यामुळे टाकीच्या तळाशी बसतात. नेमक्या तेथूनच कॉक रिझर्व्हचे पेट्रोल उचलतो. उसावर जगणाऱ्या गावात उसाच्याच कृपेने गाडी अडावी, यावर मिस्त्रीने केलेला विनोद येथे छापण्यासारखा नाही. पडताळा सोपा आहे. कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत काढून थोडा वेळ स्थिर ठेवावे. मधे रेषा दिसली आणि तिच्याखाली वेगळा थर दिसला तर टाकी पूर्ण रिकामी करण्याखेरीज गत्यंतर नाही. वर नवे पेट्रोल ओतून भागत नाही.

१ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाल्यावर बहुतेक नव्या गाड्यांत कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले, तेव्हा ओ-रिंगचा हा सगळा अध्याय त्यांच्यापुरता बदलला. पण मिस्त्रीचा प्रश्न तोच राहिला. किल्ली चालू केल्यावर दोन सेकंद पेट्रोल पंपाची घरघर ऐकू येते का ते पाहायचे. आली नाही तर टाकी उचलताना कनेक्टर काढला होता का, तो टिचकन आवाज येईपर्यंत बसला का, हे आठवायचे. मीटरमधला पिवळा दिवा लुकलुकत राहिला तर तो ठरावीक ठेक्यात लुकलुकतो आणि त्या ठेक्यावरून कोणता सेन्सर गप्प आहे ते कळते. अनेक नव्या गाड्या साइड स्टँड खाली असताना चालूच होत नाहीत. स्टँडजवळचा स्विच धुताना ओला झाला किंवा चिखलाने अडकला तरी तसेच होते. बॅटरी उलटी जोडली गेली असेल तर मात्र आधी फ्यूज पाहून तिथेच थांबावे. नवा फ्यूज घालून पुन्हा किल्ली फिरवण्याचा मोह महागात पडतो.

गाडी चालू झाली की लोक लगेच साइड पॅनेल लावून मोकळे होतात, आणि माझ्या मते ती घाई असते. जुन्या गाडीचे इंजिन चोक बंद केल्यावर गरम होऊन आयडलला, म्हणजे अॅक्सिलरेटर न पिळता, टिकते का, अॅक्सिलरेटर सोडल्यावर आवाज चढूनच राहत नाही ना, हे आधी पाहावे. चढून राहिला तर ती कुठूनतरी हवा घेते आहे किंवा स्लाइड वर अडकते आहे. भाग मांडण्यासाठी अंथरलेल्या वर्तमानपत्रावर एखादा वॉशर, एखादा स्प्रिंग उरला आहे का ते दोनदा बघावे, आणि उरला असेल तर तो जादाचा होता अशी स्वतःची समजूत घालू नये. मग गाडी मेन स्टँडवर उभी करून इंजिन आयडलला असताना हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवावे. वळवताना इंजिनाचा आवाज वाढला तर अॅक्सिलरेटरची केबल टाकीखालून भलत्या बाजूने गेली आहे आणि ताणली जाते आहे, आणि टाकी पुन्हा उतरवावी लागेल; वळणावर आपसूक वेग घेणारी गाडी घेऊन सोनं वाटायला निघू नये.